फ्रीजरमधलं तिसरं पाकीट

पत्र:

"मुलीने दोन महिन्यांपूर्वी मांस, मासे, अंडी, दूध सगळंच सोडलं. ती शिकायला बाहेर असते. मागच्या सुट्टीत येताना तिने टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, तीन पाकिटं आणली. पहिलं उघडलं तर आत सगळी पांढरी बुरशी आणि कडेला काळे ठिपके. सासूबाई म्हणाल्या, 'बुरशी धरलेलं पोटात घालायचं नाही,' आणि मी ते केरात टाकलं. मुलीचे डोळे भरून आले. 'आई, ते तसंच असतं,' एवढंच म्हणाली. दुसरं पाकीट मी मन लावून केलं. मोठे चौकोनी तुकडे कापले, सोया सॉस, लिंबू आणि तेलात रात्रभर मुरवले, मग परतले. बाहेरून करपले, आतून कोरडे आणि अळणी, आणि घास गिळल्यावर जिभेवर कडवटपणा. तिने मुकाट्याने खाल्लं, पण मला कळायचं ते कळलं. तिसरं पाकीट फ्रीजरमध्ये आहे आणि त्यावरची तारीख गेल्या आठवड्यात उलटली. वर कुणीतरी सांगितलं की टेंपे खाऊन माणसं दगावली आहेत. शनिवारी मुलगी परत येते आहे. चांगलं टेंपे ओळखायचं कसं, शिजवायचं कसं, आणि तिच्या शरीराला हे पुरेल का, तेवढं सांगा."

– एक आई

ताई,

तुम्ही केरात टाकलेलं पहिलं पाकीट बहुधा अगदी चांगलं होतं. वाचून वाईट वाटेल, तरी सुरुवात तिथूनच करते, कारण पुढची सगळी भीती त्या पाकिटापासून सुरू झाली आहे.

टेंपे करताना सोयाबीन भिजवतात, सालं काढतात, शिजवतात, पाणी पूर्ण निथळू देतात आणि दाणे कोमट झाले की त्यांना विरजण लावतात. दुधाला लावतो ते विरजण जिवाणूंचं असतं, हे बुरशीचं. तिचं नाव ऱ्हायझोपस. साधारण ३० ते ३२ अंश सेल्सिअसच्या उबेत ती दाण्यांवर वाढते, तिचे पांढरे तंतू फटीफटींतून एकमेकांत गुंततात आणि २४ ते ४८ तासांत सुट्या दाण्यांची घट्ट वडी होते. त्या वडीला बांधून ठेवणारं दुसरं काहीही तिच्यात नसतं. पीठ नाही, डिंक नाही. बुरशी काढून टाकली तर हातात नुसते शिजलेले सोयाबीन राहतील.

काळे ठिपकेही तिचेच. या बुरशीला वाढायला हवा लागते, म्हणून पिशवीला बारीक भोकं पाडलेली असतात. भोकांजवळ, कडांना हवा जास्त मिळते. तिथे बुरशी जरा पुढच्या वयाला पोहोचते आणि बीजाणू धरते. ते राखाडी किंवा काळे दिसतात. त्याने अपाय होत नाही, चवीत फारसा फरकही पडत नाही. डोळ्यांना खुपत असेल तर तेवढा भाग सुरीने खरवडून टाका.

सासूबाईंना मात्र चुकीचं ठरवू नका. बुरशी धरलेलं खायचं नाही हा त्यांचा नियम खराच आहे आणि घरात तो तसाच पाळा. शिळ्या पावावर जी बुरशी येते ती कुठून आली, कोणती आहे, आत किती खोल गेली आहे, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. टेंपेत निवडलेली एकच बुरशी मुद्दाम, मोजून घातलेली असते. कॅमेम्बर नावाच्या फ्रेंच चीजवरचा पांढरा थरही असाच लावलेला असतो. आणि सासूबाईंचा नियम टेंपेलाही एका ठिकाणी लागू होतोच: निवडलेल्या बुरशीखेरीज दुसरं कुणी त्यात शिरलं असेल, तर ते टाकायचंच.

ते ओळखायचं कसं, हे नीट सांगते, कारण तुमच्या पत्रात मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली. टेंपेत मीठ नसतं. लोणच्यात मीठ असतं, सोया सॉसमध्ये असतं, मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या जपानी लगद्यात, भरपूर असतं, म्हणून ते पदार्थ महिनोन्‌महिने टिकतात. टेंपेला तसं राखण करणारं कुणी नाही. ते ताज्या अन्नासारखं नाशिवंत आहे आणि त्याच नजरेने त्याच्याकडे बघायला हवं.

रंग पांढरा, मलईसारखा, फिकट तपकिरी, मधूनमधून राखाडी-काळा, इथवर ठीक. गुलाबी, केशरी, हिरवा, निळा किंवा भडक पिवळा डाग दिसला तर पूर्ण वडी टाकायची. डाग कापून उरलेलं वापरायचं नाही, कारण तंतू आत कुठवर गेले आहेत ते दिसत नाही. बोट फिरवून बघा: पृष्ठभाग कोरडा किंवा जरासा दमट लागला पाहिजे. बोटाला बुळबुळीत लागलं, चिकट तार सुटली, तर टाका. दाबल्यावर वडी ठाम राहिली पाहिजे. लगदा होत असेल तर तीही गेली.

शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा निवाडा नाकाचा. चांगल्या टेंपेला अळंब्यांसारखा, थोडा भिजवलेल्या कणकेसारखा, थोडा दाण्यांसारखा वास येतो. पाकीट फोडल्याबरोबर अमोनियाची हलकी झुळूक आली आणि दोन मिनिटं उघडं ठेवल्यावर ती विरली, तर टेंपे जरा जास्त पिकलं आहे एवढंच. तो वास नाकात झोंबत असेल, विरत नसेल, किंवा सडका, आंबूस भपकारा येत असेल, तर विचार करत बसू नका. इंडोनेशियातल्या जावा बेटावर असं अतिपिकलेलं टेंपे मुद्दाम राखून रश्शाला आणि चटणीला उग्र स्वाद द्यायला वापरतात. पण पिकलेलं कुठे संपतं आणि नासलेलं कुठे सुरू होतं, हे तिथल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या सरावाने कळतं. आपण नवखे आहोत तोवर तो प्रयोग नको.

आता माणसं दगावल्याची गोष्ट. ती अफवा नाही, पण ती या टेंपेची नाही. जावामध्ये तेल काढून उरलेल्या खोबऱ्याच्या चोथ्याचंही टेंपे करत असत. त्याला तिथे टेंपे बोंगक्रेक म्हणतात. खोबऱ्याच्या त्या चोथ्यात एक विशिष्ट जिवाणू शिरला तर तो बोंगक्रेकिक ॲसिड नावाचं जहाल विष तयार करतो. त्याला वास नाही, चव नाही, शिजवूनही ते जात नाही. त्याने खरोखरच अनेक बळी घेतले आणि इंडोनेशियाने १९८८ मध्ये बोंगक्रेकवर बंदी घातली. तुमच्या मुलीने आणलं ते सोयाबीनचं. ज्याने तुम्हाला सांगितलं त्याने अर्धीच गोष्ट ऐकली असावी. खोबऱ्याचं टेंपे कुणी हौसेने घरी करून दिलं तर मात्र ते घेऊ नका. यात भिडेला जागा नाही.

सोयाबीनच्या टेंपेबाबत खरी काळजी घ्यायची ती वेगळी. दुकानात ते दोन प्रकारांत मिळतं. एक पाश्चरीकरण केलेलं, हवाबंद पाकिटातलं. यात बुरशीचं काम थांबवलेलं असतं. वाफेने तंतू बसतात, म्हणून ही वडी पांढरीशुभ्र दिसत नाही, पिवळसर-तपकिरी आणि जरा चपटलेली दिसते. ते जुनं नसतं, त्याचं रूपच तसं. दुसरं जिवंत टेंपे, भोकं असलेल्या पिशवीत किंवा पानात बांधलेलं, बहुतेकदा गोठवून विकलेलं. हे कापसासारखं पांढरं दिसतं, चवीला गोडसर आणि कितीतरी सरस असतं. पण त्यातले जीव जिवंत असतात, आणि करताना काही नको ते शिरलं असेल तर तेही जिवंत असतं. २०१२ साली अमेरिकेत पाश्चरीकरण न केलेल्या टेंपेतून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची लागण पसरली होती. तिचं मूळ दूषित विरजणात सापडलं. म्हणून जिवंत टेंपे कच्चं चाखायचं नाही, आतपर्यंत वाफ निघेपर्यंत शिजवायचं, आणि ते ज्या पाटावर कापलं तो पाट आणि सुरी धुतल्याशिवाय दुसऱ्या कशाला लावायची नाही. पाश्चरीकरण केलेलं कच्चं खाल्लं तर सहसा काही होत नाही, पण चव लागत नाही. मी दोन्ही शिजवूनच खाते.

तर दुकानात उभ्या असाल तेव्हा आधी पाकीट उलटं करून घटक वाचा. सोयाबीन, पाणी, विरजण, कधी व्हिनेगर किंवा लॅक्टिक ॲसिड. इतकंच असावं. यादी लांबली, साखर, तेल, मसाला, सॉस दिसला, तर ते आधीच मुरवलेलं टेंपे आहे. घाईच्या दिवशी ते चालतं, पण त्यात मीठ बरंच असतं आणि खालची माझी पद्धत त्याला लागू पडत नाही. तांदूळ, बार्ली किंवा इतर धान्य मिसळलेलं टेंपेही मिळतं. ते सौम्य, मऊ आणि किंचित गोड असतं. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी तेच देते. गहू किंवा बार्लीतल्या ग्लूटेनचा त्रास असलेलं कुणी घरात असेल तर मात्र ते टाळा. सोयाबीनची ॲलर्जी असलेल्याला तर कुठलंच सोया टेंपे चालणार नाही.

पाकिटातून वडी दिसत असेल तर दाण्यांमधल्या फटी बघा. त्या तंतूंनी भरलेल्या हव्यात. दाणे सुटे सुटे दिसत असतील तर बुरशीचं काम अर्धवट राहिलं आहे आणि कापताना भुगा होणार. हवाबंद पाकीट फुगलेलं असेल तर हात लावू नका. आणि तारीख सगळ्यात लांबची असेल ते घ्या, मागे हात घालावा लागला तरी चालेल. यात सुरक्षेपेक्षा चवीचा प्रश्न मोठा आहे: बुरशी सोयाबीनमधली प्रथिनं तोडत असते, त्या तुकड्यांतले काही चवीला कडू असतात, आणि टेंपेचं वय वाढतं तसा हा कडूपणा वाढतो. तुमच्या दुसऱ्या पाकिटात जो कडवटपणा आला त्यात तुमच्या हाताचा दोष फार थोडा होता.

तारखेवर सगळी भिस्तही ठेवू नका. मी एकदा तारीख चांगली बारा दिवस पुढची असलेलं पाकीट आणलं आणि घरी फोडलं तर डोळ्यांत पाणी येईल असा अमोनिया. नंतर आठवलं, त्या दुकानातला थंड कप्पा हाताला गारच लागला नव्हता. तेव्हापासून मी पाकीट उचलताना ते थंड आहे का हे आधी बघते आणि ते पिशवीत सगळ्यात शेवटी ठेवून थेट घरी येते.

आता स्वयंपाक. तुमची कृती मी तीनदा वाचली. प्रत्येक पायरीमागे विचार आहे, पण पनीर किंवा मांसाच्या सवयीतून आलेला, आणि टेंपे त्या जातीचं नाही. ही शिजलेल्या दाण्यांची घट्ट, अळणी वडी आहे. तिला आधी पाणी लागतं, मग कोरडेपणा, मग तेल, आणि सॉस सगळ्यात शेवटी. तुम्ही सॉस आणि तेल आधी घातलं आणि पाणी दिलंच नाही. तेलाचा पापुद्रा तुकड्यांवर बसला, त्यातून मीठ आत जाईना. सोया सॉसमधली साखर आणि प्रथिनं तव्यावर लगेच तपकिरी होतात, म्हणून आतला भाग गरम होण्याआधी बाहेरचा करपला. मोठे चौकोनी तुकडे असल्यामुळे आतपर्यंत काहीच पोहोचलं नाही. रात्रभर ठेवण्याऐवजी दोन रात्री ठेवले असते तरी हेच झालं असतं.

पाणी द्यायच्या तीन वाटा आहेत. सौम्य टेंपे असेल तर वाफवणं पुरेसं: वडीचे दोन-तीन भाग करून चाळणीत १० ते १५ मिनिटं वाफ द्यायची. वडी फुगते, मऊ होते, कच्चट वास जातो. कडवट निघण्याची शंका असेल, म्हणजे पाकीट तारखेच्या जवळ आलेलं असेल किंवा कच्चा कोपरा कापून बघितल्यावर वास जरा तीव्र असेल, तर वाफ कमी पडते. मग काप करून मिठाच्या पाण्यात मंद आचेवर १० मिनिटं उकळायचे आणि ते पाणी फेकून द्यायचं. कडू अंश पाण्यात उतरतो आणि मीठ आत शिरतं. दोन्ही कामं एकदमच होतात, म्हणून माझी पसंती यालाच. चवीतला थोडा गोडवाही त्या पाण्याबरोबर जातो हे खरं, तेव्हा ताज्या, चांगल्या टेंपेला ही वाट लावू नका.

आणि तिसरी वाट ज्यांनी टेंपे जगाला दिलं त्या जावाच्या लोकांची. टेंपेचा लेखी उल्लेख तिथल्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या हस्तलिखितात सापडतो, म्हणजे निदान दोनशे वर्षांचा हात त्यांचा यावर बसलेला आहे. साधं तळलेलं टेंपे, टेंपे गोरेंग, ते असं करतात: लसूण, धने आणि मीठ वाटून पाण्यात कालवायचं, त्यात काप बुडवून ठेवायचे, निथळून तळायचे. रात्रभर नाही, पाव ते अर्धा तास. तेल नाही, लिंबू नाही, सॉस नाही, नुसतं खारट, वासाचं पाणी. अळणी वडी ते पाणी ओढून घेते, कारण त्यात तेल आडवं येत नाही. मी अनेक उलटसुलट प्रयोग करून शेवटी इथेच येऊन थांबले, आणि शनिवारी तुम्ही हेच करावं असं मला वाटतं.

माप देते. २०० ते २५० ग्रॅमच्या वडीला एक कप पाणी, दीड चमचा मीठ, लसणाच्या चार पाकळ्या, चमचाभर धने. हा छोटा चमचा, चहाचा. पाणी चाखून बघा: समुद्राच्या पाण्याची आठवण व्हावी इतकं खारट हवं, कारण ते सगळं आत जाणार नाही. वडीचे अर्ध्या सेंटिमीटरहून थोडे जाड काप करा. प्रत्येक कापावर दोन्ही बाजूंनी सुरीने हलक्या, उथळ, तिरप्या चिरा द्या. पाण्यात २० मिनिटं. मग बाहेर काढा, आणि इथे घाई करू नका: फडक्यावर पसरा, वरून दुसऱ्या फडक्याने टिपा, पाच मिनिटं तशीच राहू द्या. ओले काप तेलात गेले तर तेल अंगावर उडतं, आणि काप तळले जाण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतात.

तेल १७० ते १८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर एका कापाचा कोपरा बुडवा, त्याच्याभोवती लगेच जोमदार बुडबुडे आले की झालं. एका वेळी थोडेच काप, तीन ते चार मिनिटं, मधे एकदा उलटायचे, सोनेरी-तपकिरी झाले की बाहेर. बुडबुडे कमी होत जातात ती खूण, म्हणजे आतलं पाणी संपत आलं. कढईभर तेल नको असेल तर पसरट तव्यावर तळ झाकेल इतक्या तेलात मध्यम आचेवर एकेक बाजू चार मिनिटं न हलवता राहू द्या. सतत ढवळलं तर खरपूस थर धरत नाही. ओव्हनमध्येही होतं, तेलाचा हात लावून २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं, पण ते जरा कोरडं निघतं आणि तुमची मुलगी कोरड्या टेंपेला आधीच एकदा सामोरी गेली आहे.

सॉस हवाच असेल तर आता. तळलेले काप बाजूला काढा, त्याच तव्यात थोड्या तेलावर लसूण आणि मिरची परता, दोन मोठे चमचे सोया सॉस, चमचाभर गूळ, थोडं पाणी घाला, बुडबुडून दाट झालं की काप त्यात घोळवा आणि अर्ध्या मिनिटात गॅस बंद. लिंबू पिळायचं ते ताटात. इंडोनेशियात यासाठी केचाप मानिस नावाचा गोड, काकवीसारखा दाट सोया सॉस वापरतात. बारीक काड्या कापून कुरकुरीत तळलेलं टेंपे त्यात घोळवलं की त्याला ओरेक म्हणतात, आणि भाताबरोबर ते फार छान लागतं.

मुलगी चार दिवस राहणार असेल तर एकदा बासेमही करा. तळणाच्या बरोबर उलट स्वभावाचा हा पदार्थ, सावकाश होणारा. टेंपेचे जाड तुकडे नारळपाण्यात गूळ, चिंच, धने, लसूण, छोटे कांदे, कोळिंजन (आल्यासारखं एक मूळ) आणि मीठ घालून मंद आचेवर पाणी जवळजवळ आटेपर्यंत शिजवायचे. तिथे सालाम नावाची पानंही घालतात, ती नाही मिळाली तर सोडून द्या. अर्धा-पाऊण तास लागतो. तुकडे आतपर्यंत तपकिरी आणि गोडसर होतात. खायच्या आधी तव्यावर दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट चटका द्यायचा. इथे मोठे तुकडे चालतात, कारण भरपूर पाणी आणि वेळ असतो. कडवट टेंपेलाही बासेम सांभाळून घेतं. जावातल्या बान्यूमास भागातलं मेंदोआनही प्रसिद्ध आहे, पातळ पत्र्यासारखे काप मसाल्याच्या पिठात बुडवून अर्धवट तळलेले, मऊच ठेवलेले. पण त्यासाठी तिथे मुद्दाम पातळ टेंपे लावतात, जाड वडीतून तसे काप काढणं कठीण.

कापताना वडी फुटलीच तर हळहळू नका. सगळीच कुस्करा, खारट पाण्याचा हबका मारा आणि पसरट तव्यावर थोड्या तेलात आठ-दहा मिनिटं दाणे तपकिरी होईपर्यंत परता. नूडल्समध्ये, सूपमध्ये, भातावर, कुठेही जातं.

एक विनंती. मुलीला किंवा सासूबाईंना हे "मांसासारखं लागतं" असं सांगून वाढू नका. तसं ते लागत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून घास घेतला की चांगलं टेंपेही फसवल्यासारखं वाटतं. ते दाण्यांसारखं, अळंब्यांसारखं लागतं, आणि तेवढं पुरेसं आहे.

मुलीच्या पोषणाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंत. १०० ग्रॅम टेंपेत साधारण १९ ते २० ग्रॅम प्रथिनं असतात, आणि ती चांगल्या प्रतीची. सोयाबीन अख्खंच असल्यामुळे तंतुमयताही राहते, टोफू करताना ती बरीचशी चोथ्यात जाते. आंबवल्यामुळे ते पचायलाही सोपं होतं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या जपानी छावण्यांमध्ये जुलाबांनी खंगलेल्या कैद्यांना शिजवलेले सोयाबीन सोसत नसत, पण टेंपे सोसत असे. तेव्हा प्रथिनांची चिंता टेंपे, डाळी, कडधान्यं मिळून बऱ्याच अंशी मिटवतील.

एका गोष्टीवर मात्र ठाम राहा: बी-१२. टेंपेत ते असतं असं पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं. ही बुरशी बी-१२ तयार करत नाही. टेंपे करताना सोबत काही जिवाणू आले तरच ते त्यात उतरतं, आणि कारखान्याच्या स्वच्छ टेंपेत ते जवळपास नसतंच. दूध आणि अंडीही सोडलेल्या माणसाला बी-१२ ची गोळी किंवा ते वरून घातलेलं अन्न लागतंच. कमतरता हळूहळू वाढते, लक्षणं दिसेपर्यंत मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते. मुलीशी बोला, डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवा. टेंपेची चव जमली नाही तर फार तर एक जेवण बिघडेल, या गोष्टीकडे दुर्लक्ष परवडणार नाही. आणि घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर सोयाबीनचे पदार्थ तिच्या लगेच आधी-नंतर नकोत, गोळी नीट शोषली जात नाही. नैराश्यावरची एमएओआय गटातली औषधं चालू असतील तर आंबवलेलं सोया खाण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आता तिसरं पाकीट. तारीख उलटली म्हणून घाबरू नका. ती तारीख फ्रिजमध्ये ठेवलेल्या पाकिटाची. तुम्ही आणल्या आणल्या फ्रीजरमध्ये टाकलं असेल तर घड्याळ तिथेच थांबलं. दोन-तीन महिने ते चांगलं राहतं, फार तर पोत जरा भुसभुशीत होतो. तारीख उलटल्यावर गोठवलं असेल तर मात्र हे लागू नाही. शुक्रवारी रात्री ते फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ओट्यावर नको. जिवंत टेंपे उबेत पुन्हा वाढू लागतं आणि स्वतःच गरम होतं. सकाळपर्यंत सुटेल. उघडल्यावर वर सांगितलं ते सगळं बघा. उरलं तर कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा, परत गोठवू नका.

मुलगी आली की काप तिला कापू द्या, चिरा तिला पाडू द्या, तेलाजवळ तुम्ही उभ्या राहा. पण सुरी लागायच्या आधी ती कच्ची वडी सासूबाईंच्या हातात द्या आणि त्यांना हुंगायला सांगा. नासलेलं अन्न त्यांच्या नाकाला इतकी वर्षं कळत आलं आहे. त्यांनी मान हलवली की तेल तापायला ठेवा.